चावीच्या पोर्टेबल ग्रामोफोनचा आवाज सुधारताना कामाचा क्रम

जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनचा आवाज बारीक, फाटका किंवा दबका येऊ लागला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी साउंडबॉक्स, म्हणजे सुई आणि पडदा बसवलेली गोल डबी, उघडतात. त्यातला अभ्रकाचा पडदा हाताळताना कडेला टवका उडतो, वर्षानुवर्षे जागच्या जागी बसलेले बारीक स्क्रू सैल होतात, आणि मूळ दोष मात्र दुसरीकडेच, म्हणजे झिजलेल्या सुईत, सुकलेल्या वंगणात किंवा टोनआर्मच्या (साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ, फिरत्या नळीच्या) सांध्यातून निसटणाऱ्या हवेत तसाच राहतो. या यंत्रात वीज नाही, आवाज वाढवणारा कोणताही भाग नाही. सुईने रेकॉर्डच्या खाचेतून उचललेली थरथर पडद्याला हलवते, पडदा हवेला हलवतो आणि ती हवा नळीतून आतल्या कर्ण्यात जाते. म्हणून आवाज सुधारणे म्हणजे ही थरथर वाटेत कुठे अडते आणि ही हवा कुठे गळते, ते एकेक करून शोधणे होय. साउंडबॉक्स सर्वांत शेवटी उघडायचा, तोही गरज पडली तरच.

पुढचे विवेचन एचएमव्हीचे १०१ आणि १०२ हे नमुने डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि मुंबईच्या चोर बाजारात हेच जास्त आढळतात. १०१ हा १९२५ चा आणि १०२ हा १९३१ चा नमुना. दोन्हींत कर्णा पेटीच्या आत दुमडलेला असतो आणि आवाज मागच्या तोंडातून निघून उघड्या झाकणावर आपटून पुढे येतो. १०१ वर बहुधा अभ्रकाच्या पडद्याचा ४ क्रमांकाचा साउंडबॉक्स मिळतो, तर १०२ वर अॅल्युमिनियमच्या पडद्याचा ५ए किंवा ५बी. या दोन प्रकारांना हाताळण्याची रीत वेगळी आहे, म्हणून आपला कोणता ते आधी पाहून घ्यावे.

पूर्वतयारी

पुढील वस्तू जवळ असाव्यात : स्क्रूच्या खाचेत घट्ट बसतील असे दोन-तीन मापांचे पेचकस, शिलाई मशीनचे तेल, व्हॅसलीन, मऊ रंगाचा ब्रश, भिंग, पांढरे सुती कापड, काठ असलेला ट्रे, नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, आणि नव्या पोलादी सुयांची डबी. काम ट्रेमध्ये पांढरे कापड अंथरूनच करावे. साउंडबॉक्समधला पडलेला स्क्रू फरशीवर सापडत नाही, आणि त्याच्या आट्यांचा दुसरा स्क्रू बाजारात सहज मिळत नाही.

त्यानंतर एक रेकॉर्ड चाचणीसाठी ठरवून घ्यावी. ती दुर्मीळ नसावी, खाचा करड्या पडलेल्या नसाव्यात आणि तिच्यावर गायकाचा आवाज व हार्मोनियम दोन्ही स्पष्ट असावेत. मराठी नाट्यगीताची बऱ्या स्थितीतली एखादी रेकॉर्ड यासाठी उत्तम, कारण हार्मोनियमचा लांबलेला सूर वेगातला चढउतार ताबडतोब उघडा पाडतो, आणि वरच्या पट्टीतली तान पडदा फाटतो की नाही ते सांगते. कामाला हात लावण्यापूर्वी ही रेकॉर्ड नवी सुई लावून एकदा पूर्ण ऐकावी आणि काय खटकते ते वहीत लिहून ठेवावे. प्रत्येक टप्प्यानंतर तीच बाजू, नव्या सुईने, त्याच जागी बसून ऐकायची. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही, आणि बिघाड झाला तर तो कुठे शोधायचा तेही कळत नाही.

सावधान : एल.पी. किंवा ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड या यंत्रावर चाचणीपुरतीही लावू नये. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून जास्त असतो आणि पोलादी सुईचे टोक त्या बारीक खाचेपेक्षा कितीतरी जाड असते. एका फेरीतच रेकॉर्ड कायमची खराब होते.

टप्पा १ : सुई आणि रेकॉर्ड

सर्वांत जास्त सुधारणा या टप्प्यात होते, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही याच टप्प्याकडे होते. पोलादी सुई एका बाजूला एक, हा नियम आहे; त्यात काटकसर करायची नाही. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती पूड पहिल्या काही फेऱ्यांत सुईचे टोक खाचेच्या आकाराप्रमाणे घासून घेते, आणि बाजू संपेपर्यंत त्या टोकाला दोन्हीकडून सपाट धारा आलेल्या असतात. वापरलेली सुई भिंगाखाली उजेडात फिरवून पाहिली तर या धारा चमकताना दिसतात. तीच सुई काढून पुन्हा बसवली की धारांची दिशा बदलते, आणि मग ती खाचेतून सरकण्याऐवजी खाचेच्या भिंती खरवडत जाते. खरखर वाढण्याचे हे पहिले कारण.

सुयांमध्ये जाड व आखूड सुई मोठा आवाज देते, बारीक सुई मवाळ आवाज देते. मोठा आवाज हवा म्हणून सर्रास जाड सुई वापरू नये. १९४० नंतरच्या बऱ्याच रेकॉर्डवर ध्वनिमुद्रण मुळातच जोरकस आहे. तिथे जाड सुईने आवाज फाटतो आणि खाचाही लवकर झिजतात. अशा रेकॉर्डला मध्यम किंवा मवाळ सुई लावावी. उलट १९२५ पूर्वीच्या, विजेशिवाय कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणांना जाड सुई शोभते. शिवणकामाची सुई, टाचणी किंवा खिळा घासून केलेले टोक कधीही वापरू नये.

रेकॉर्ड धुताना कोमट नव्हे, साधे पाणी घ्यावे, त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब घालावा, आणि मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच गोल फिरवावा. मधले लेबल कोरडे ठेवावे, रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवू नये, आणि पुसून झाल्यावर ती सावलीत उभी करून पूर्ण वाळवावी. कोकणातून आलेल्या रेकॉर्डवर बुरशीचे पांढरट ठिपके असतात. ते दोन-तीन धुण्यांत जातात, नखाने खरवडण्याची गरज नसते.

सावधान : स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अत्तर रेकॉर्डला लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

तपासणी : सुई भोकात शेवटपर्यंत गेली आहे का आणि तिचा स्क्रू बोटांनी पक्का झाला आहे का ते पाहावे. समोरून पाहिल्यावर साउंडबॉक्स रेकॉर्डवर सरळ उभा दिसला पाहिजे. तो डावी-उजवीकडे कललेला असेल तर खाचेच्या एकाच भिंतीवर भार पडतो.

टप्पा २ : मोटर आणि वेग

वेग स्थिर नसेल तर पुढच्या एकाही टप्प्याचा निकाल कानाने ठरवता येत नाही, म्हणून मोटर, म्हणजे चावीच्या स्प्रिंगवर चालणारे यंत्र, आधी. या टप्प्यात साउंडबॉक्स टोनआर्मवरून काढून कापडात गुंडाळून बाजूला ठेवावा. पेटी हलवताना त्यावर पेचकस पडल्याने फुटलेले पडदे पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा स्प्रिंग पूर्ण उतरवावी. ब्रेक सोडून फिरती चकती आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावी, आणि थांबल्यावरही हाताने हळू फिरवून जोर उरला नाही याची खात्री करावी. मगच चकती उचलावी. ती निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेली असते. एका बाजूने पेचकस घालून उचकटली तर दांडा वाकतो आणि त्यानंतर प्रत्येक रेकॉर्ड वरखाली होत फिरते. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर घालून, सारखा जोर लावून ती वर ओढावी. वरची फळी सोडवून मोटर उलटी करताना फळीखाली लाकडाचे दोन ठोकळे द्यावेत.

सावधान : मुख्य स्प्रिंगचा गोल डबा घरी उघडू नये. उतरलेली वाटणारी स्प्रिंगही डब्यात दाबलेलीच असते, आणि सुटली की बोटांना खोल जखम करते. चावी देताना किंवा वाजताना आतून धप्प असा आवाज येऊन चकती क्षणभर अडखळत असेल तर डब्यातले ग्रीस वाळून स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत असे समजावे आणि तो डबा जाणत्या कारागिराकडे द्यावा.

घरी करण्याजोगे काम गव्हर्नरपाशी आहे. गव्हर्नर म्हणजे पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजने आणि त्यांच्याबरोबर सरकणारी एक चकती. या चकतीवर चामड्याचा किंवा नमद्याचा लहान तुकडा टेकतो आणि वेग आवरला जातो. हा तुकडा कोरडा पडला की बारीक चीं असा आवाज येतो आणि सूर थरथरतो. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब मुरवावा. गव्हर्नरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब द्यावा, आणि ज्या नागमोडी दात्यावर चकतीचा दांडा व गव्हर्नर जुळतात तिथे काळे, घट्ट झालेले वंगण ब्रशने व काडीने काढून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. खोबरेल तेल वापरू नये. ते थंडीत गोठते, आणि काही महिन्यांत चिकट होते. सगळीकडे तेल ओतण्याची सवय तितकीच वाईट आहे, कारण जादा तेल उडून चामड्याच्या तुकड्यावर बसते आणि वेग आवरेनासा होतो.

गव्हर्नरच्या वजनांपैकी एखाद्याची पट्टी तुटलेली किंवा वाकलेली असेल तर वंगणाने काही होणार नाही, ती पट्टी बदलावीच लागते. तिघांपैकी एकच नवी पट्टी वेगळ्या जाडीची बसवली तर तोल जातो, म्हणून तीनही एकाच जातीच्या घ्याव्यात.

तपासणी : चकती बसवून रेकॉर्डखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवावी आणि प्रत्यक्ष सुई लावून वाजवताना अर्ध्या मिनिटात ३९ फेऱ्या होतात का ते मोजावे. सुई न लावता मोजलेला वेग खरा नसतो, कारण सुईच्या घर्षणाने तो खाली येतो. अधिक अचूक मोजायचे तर ७७ रेघांची स्ट्रोबची चकती, म्हणजे वेग पाहण्यासाठी रेकॉर्डवर ठेवायची रेघांची कागदी चकती, छापून घ्यावी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिणमिणणाऱ्या निऑनच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ फेऱ्यांचा असतो, आणि तेवढा पुरे. बहुतेक एलईडी दिव्यांखाली ही चकती काम देत नाही. मोजणी बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला अशी दोनदा करावी. शेवटी वेग पडत असेल तर दोष गव्हर्नरचा नसून स्प्रिंगचा किंवा अपुऱ्या चावीचा आहे. १०२ मध्ये एकच स्प्रिंग असल्याने प्रत्येक बाजूपूर्वी चावी भरणे आवश्यक आहे.

टप्पा ३ : टोनआर्म आणि कर्ण्यातली गळती

हवा निसटली की पहिल्यांदा खर्जाचा भाग जातो. डग्ग्याचा घुमारा ऐकू येत नाही, हार्मोनियम टोकदार वाटते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की पडदाच गेला. प्रत्यक्षात टोनआर्म जिथे फळीत फिरतो तो सांधा कोरडा पडलेला असतो, किंवा त्याखाली कर्ण्याच्या तोंडाशी असलेला नमद्याचा वा रबराचा कडा चुरा होऊन गेलेला असतो.

साउंडबॉक्स काढलेल्या टोनआर्मच्या तोंडाला रबरी नळीचा छोटा तुकडा लावून दुसऱ्या कुणीतरी त्यातून हळू फुंकावे, आणि आपण हाताची पाठ ओली करून सांध्यांभोवती फिरवावी. ओल्या कातडीला अगदी बारीक झुळूकही थंड लागते. काही जण यासाठी उदबत्तीचा धूर वापरतात. ते टाळावे, कारण या पेट्यांवरच्या जुन्या रेक्झिनच्या कापडाचा लेप लवकर पेट घेणारा असू शकतो.

फिरत्या सांध्यातले जुने वंगण पुसून तिथे व्हॅसलीनचा बऱ्यापैकी जाड थर द्यावा. तो सांधा मोकळा ठेवतो आणि हवाही अडवतो. कर्ण्याच्या तोंडाशी नवा नमदा कापून बसवावा. तिथे फेविकॉल किंवा एपॉक्सी लावून कायमचे बंद करणे ही नेहमीची चूक आहे, कारण पुढच्या वेळी मोटर काढताना कर्णाच फाटतो.

तपासणी : टोनआर्म बोटाच्या हलक्या स्पर्शाने रेकॉर्डच्या काठापासून लेबलापर्यंत न अडखळता सरकला पाहिजे. अडखळत असेल तर व्हॅसलीनचा थर पातळ करावा. सांधा जड राहिला तर सुई खाचेच्या बाहेरच्या भिंतीला घासत राहते आणि रेकॉर्ड एका बाजूने झिजते.

टप्पा ४ : साउंडबॉक्समागचे रबर

साउंडबॉक्स आणि टोनआर्म यांच्यामध्ये रबराचा भाग असतो. त्याचे काम दुहेरी आहे : जोड हवाबंद ठेवणे, आणि साउंडबॉक्सच्या धातूची थरथर टोनआर्ममध्ये उतरू न देणे. इतक्या वर्षांत हे रबर दगडासारखे टणक होते किंवा ढिले पडून साउंडबॉक्स मान टाकतो. टोनआर्म एका हाताने धरून साउंडबॉक्स दुसऱ्या हाताने अगदी हलकेच हलवावा. तो किंचित लवून परत यायला हवा. अजिबात लवत नसेल किंवा लवून तसाच राहत असेल तर रबर गेले.

नवे रबर मागवण्यापूर्वी गळती खरोखर इथेच आहे का ते पडताळता येते. टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे टोनआर्मच्या टोकावर देऊन साउंडबॉक्स बसवावा आणि चाचणीची रेकॉर्ड ऐकावी. खर्ज परतला तर दोष सापडला. हा उपाय मात्र परीक्षेपुरताच आहे, कारण टेप हवा अडवते, थरथर अडवत नाही.

सावधान : टणक रबर पक्कडीने उपसू नये आणि उष्णताही देऊ नये. बऱ्याच साउंडबॉक्सच्या मागच्या वाट्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. हा धातू वयाने फुगतो, त्यावर केसाएवढ्या बारीक चिरा पडतात आणि थोड्या जोराने त्याचे तुकडे होतात. भिंगाने चिरा शोधाव्यात, आणि दिसल्या तर तो साउंडबॉक्स उघडण्याचा विचार सोडून द्यावा.

टप्पा ५ : पडदा, शेवटचा उपाय

इथवरची कामे झाल्यावर बहुतेक यंत्रे समाधानकारक वाजू लागतात. तरीही आवाज दबका असेल किंवा वरच्या सुरात फाटत असेल तरच पुढे जावे.

५ए किंवा ५बी असेल तर माझा स्पष्ट सल्ला असा की घरी उघडू नये. त्यांत सुईचा दांडा, म्हणजे सुईची थरथर पडद्यापर्यंत नेणारा भाग, बारीक पोलादी गोळ्यांवर तोललेला असतो, आणि अॅल्युमिनियमचा पडदा इतका पातळ असतो की बोटाने सरळ करायला गेलेला पोचा घडी होऊन बसतो. हे काम ज्याने आधी केले आहे त्याच्याकडेच द्यावे.

अभ्रकाच्या पडद्याचा साउंडबॉक्स सावकाश काम करणाऱ्याला घरी जमतो. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना कडेने रबराची पोकळ, मऊ नळी बसवलेली असते आणि तिच्यामध्ये पडदा तरंगत ठेवलेला असतो. ती नळी टणक झाली की पडदा हलेनासा होतो. क्रम असा ठेवावा.

पडद्याच्या मध्यावरचे मेण लाकडी काडीने खरवडून काढावे. मग सुईचा दांडा बोटांत घट्ट धरून मधला बारीक स्क्रू सोडवावा. दांडा न धरता स्क्रू पिळला तर सारा पीळ अभ्रकावर येतो आणि मध्यापासून चीर जाते. मागचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडवावेत. जुन्या नळीचे कण वाटीच्या खोबणीतून पूर्ण काढावेत. पडदा कडेने धरून उजेडात पाहावा. पापुद्रे सुटून पांढरट चट्टे आले असतील किंवा चीर असेल तर तो बदलावा.

नवी नळी जुन्या नळीच्याच जाडीची आणि आतून पोकळच हवी. भरीव रबराची दोरी किंवा पाण्याच्या पंपाचे वायसर घालून केलेल्या दुरुस्त्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांनी आवाज काही दिवस मोठा आणि कर्कश होतो, आणि तेवढ्या दिवसांत रेकॉर्डच्या खाचा करड्या पडतात, कारण न हलणारा पडदा सुईला खाचेत धरून ठेवतो. नळीची दोन टोके सरळ कापून एकमेकांना फक्त टेकली पाहिजेत. फट राहिली तर हवा गळते, आणि टोके एकमेकांत दाबली गेली तर तिथे उंचवटा येऊन पडदा तिरका बसतो. मागची आणि पुढची नळी यांचे जोड समोरासमोरच्या बाजूंना ठेवावेत. पडद्याची कड कुठेही धातूला टेकता कामा नये. स्क्रू आळीपाळीने, नळी जेमतेम दबेपर्यंतच आवळावेत.

आता सर्वांत नाजूक पडताळणी येते. मधला स्क्रू लावण्यापूर्वी सुईचा दांडा आपल्या टेकूंवर (ज्या आधारांवर तो झुलतो त्यांवर) मोकळा सोडावा आणि त्याचे टोक पडद्याच्या भोकापाशी कुठे राहते ते भिंगाने बाजूने पाहावे. टोकाने पडद्याला नुसते टेकायला हवे. ते पडद्याला आत ढकलत असेल किंवा मध्ये फट राहत असेल, तर स्क्रू आवळल्यावर पडदा कायम ताणलेला राहील आणि मोठ्या सुरात बझझ असा आवाज येईल. ही जागा टेकूंचे स्क्रू अर्ध्या-पाव फेरीने फिरवून जुळवायची असते, पडद्यावर जोर देऊन नाही. दांडा टेकूंत खडखडता कामा नये आणि अडकताही कामा नये. सुईच्या जागी बोटाने हलकेच ढकलले की तो स्वतःहून मूळ जागी आला पाहिजे. जागा जुळली की स्क्रू लावून त्यावर दोन्ही बाजूंनी मधमाशीच्या मेणाचा बारीक वितळलेला थेंब सोडावा. मेणबत्तीचे मेण ठिसूळ असते, ते काही वाजवण्यांत सुटते.

तपासणी : साउंडबॉक्सच्या मागच्या भोकाला रबरी नळी लावून अगदी हळू हवा ओढावी आणि नळीचे टोक जिभेने बंद करावे. ओढ क्षणभर टिकली तर पडदा हवाबंद बसला आहे. जोराने ओढू नये, अभ्रक फुटतो.

मग चाचणीची रेकॉर्ड लावावी. आवाज बारीक पण स्वच्छ असेल तर टेकूंचे स्क्रू अतिशय थोडे सैल करावेत. मोठा पण वरच्या सुरात फाटका असेल तर तितकेच थोडे आवळावेत. पाव फेरीपेक्षा जास्त फरक एका वेळी करू नये, आणि प्रत्येक फरकानंतर नवी सुई लावावी.

टप्पा ६ : खडखड आणि मांडणी

उरलेली खडखड बहुधा साउंडबॉक्सची नसते. रेकॉर्ड वाजत असताना झाकणाचा आधार, बिजागऱ्या, सुयांची वाटी, चावी ठेवायची पकड आणि फळीचे स्क्रू यांवर एकेक करून बोट टेकवावे. जिथे टेकवल्यावर खडखड थांबते तिथे स्क्रू आवळावा किंवा नमद्याचा पातळ तुकडा द्यावा.

झाकण पूर्ण उघडून आधारावर पक्के बसवावे, कारण या नमुन्यांत तेच आवाज पुढे फेकते. अर्धवट उघडे झाकण आवाज फळीवरच दाबते. पेटी जड लाकडी टेबलावर, खोलीच्या कोपऱ्याजवळ ठेवली तर खर्ज ठळक होतो. पलंगावर किंवा गादीवर ठेवली तर पेटी हलते आणि सुई उडते.

वाजवून झाल्यावर सुई काढून टाकावी, स्प्रिंग उतरू द्यावी, टोनआर्म त्याच्या पकडीत अडकवावा आणि मगच झाकण लावावे. सुई तशीच ठेवून झाकण लावले तर प्रवासातल्या पहिल्याच धक्क्याला तिचा सगळा आघात पडद्यावर जातो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या महिन्या-पंधरा दिवसांनी बदलाव्यात, आणि यंत्र वापरात नसले तरी अधूनमधून थोडी चावी देऊन चकती फिरवून घ्यावी.